चिंचेने घासलेली मरियम

मी एक जुनी तसबीर आहे, मित्रांनो, लाकडी फळीवर रंगवलेली. वय पाचशेच्या पुढे. एवढ्या आयुष्यात मला वाळवीची किळस आली नाही, झुरळांचीही आली नाही. माणसांची मात्र येते. का, ते ऐका.

माझा जन्म दूर समुद्रातल्या क्रीट बेटावर झाला. तिथे तेव्हा व्हेनिसचे राज्य होते. आमच्या चित्रकाराकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइके येत. पूर्वेकडच्या ग्रीकांना सोनेरी पार्श्वभूमीवर लांब नाकाची, गंभीर मरियम, म्हणजे येशूची आई, हवी असे. पश्चिमेकडच्या इटालियनांना झुळझुळीत वस्त्रे आणि गुटगुटीत बाळ लागे. त्याने अंड्याच्या बलकात रंग कालवले आणि दोन्ही एकाच फळीवर आणले. चेहरा पूर्वेचा, पदराच्या चुण्या पश्चिमेच्या, आणि सांधा कुठे ते शोधूनही सापडू नये. मागे खऱ्या सोन्याचा वर्ख.

खडकीच्या छावणीत मला एका गोऱ्या साहेबाने आणले. स्वातंत्र्यानंतर तो मायदेशी गेला आणि त्याच्या सामानाच्या लिलावात मला नासिरभाईंनी घेतले. खडकी बाजारात त्यांचे तसबिरींना चौकटी करण्याचे दुकान होते. ते मला बीबी मरियम म्हणत. पंचवीस वर्षे रोज सकाळी त्यांनी कोरड्या मलमलीने माझी धूळ टिपली. पुसत नसत, टिपत. काचही लावली नाही, लाकडाला वारा लागावा म्हणून. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्याच वर्षी रस्तारुंदीत दुकान गेले. घर गळके, म्हणून त्यांनी मला कोथरूडच्या हिंदुरावांकडे ठेवायला दिले. हिंदुराव त्यांचे जुने गिऱ्हाईक. शेत विकून त्यांनी नवा बंगला बांधला होता.

"ऑपरेशन झालं की न्यायला येतो, हिंदुराव. नजर आली की आधी हिचा चेहरा बघायचाय. पाणी तेवढं लावू नका."

"काळजीच सोडा, नासिरभाई. घरचीच हाय ती."

हा निरोप हिंदुरावांनी बायकोला सांगितलाच नाही. दिवाळी आली. सोजरबाई तांब्यापितळेची भांडी घासायला बसल्या आणि माझा वर्ख त्यांना पितळी पत्रा वाटला.

"किती कळकटलाय ह्यो! लोकाची वस्तू अशी माघारी द्यायची व्हय?"

मनात पाप नव्हते, हे मी मान्य करते. पण हातात चिंच होती आणि रांगोळीची भुकटी! घासघास घासले. पाचशे वर्षांचे सोने तांबूस पाण्याबरोबर मोरीत गेले. मग मरियमचा गाल गेला, नाक गेले, रंगाखालचा खडूचा पांढरा लेप उघडा पडला.

"अवो, पत्रा न्हाई हा! आता वो?"

"गप ऱ्हा. भैरू रंगवंल," हिंदुराव म्हणाले.

भैरू दुकानांच्या पाट्या रंगवी. त्याने मला ऑइलपेंट फासला. शी! गुलाबी गाल, लालभडक ओठ, टपोरे डोळे, आणि मागे कुठल्याशा पाटीचा उरलेला पिवळा रंग. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर टांगावी, अशी मी झाले.

दुसऱ्याच दिवशी नासिरभाई लेकीला, रझियाला घेऊन आले. नाकावर नवा, जाड भिंगांचा चष्मा. ते माझ्याजवळ आले, लांब गेले, चष्मा पुसून पुन्हा आले.

"रझिया, ऑपरेशन बिघडलं गं. मला हिचा चेहराच दिसत नाही."

सोजरबाई पदराशी चाळा करत राहिल्या. हिंदुराव म्हणाले, "व्हतं असं. नजर बसायला येळ लागतो."

चिंचेचे मी एक वेळ विसरेन. या वाक्याची मात्र मला अजून ओकारी येते. रझियाने माझ्या गालावर बोट टेकवले. बोटाला ओला रंग लागला, तो तिने ओढणीला पुसला. ती काही बोलणार, तोच नासिरभाई हिंदुरावांचे हात धरून म्हणाले, "तुम्ही फार जपलंत हिला." तिने ओढणीवरचा डाग मुठीत झाकला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला पाणी लावण्याआधी तिच्या धन्याला विचारा. तरीही चूक झालीच, तर ती तोंडाने सांगा. रंग फासून झाकू नका. मी आता नासिरभाईंच्या घरात आहे. ते रोज सकाळी डोळ्यांत औषधाचे थेंब घालतात आणि चेहरा दिसेल म्हणून माझ्यासमोर बसून राहतात.