दांडीच्या मागची जागा

वेंडेल टीगने गिटार पेटीतून काढून बर्लच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवली आणि पालथी केली. दांडी स्टँडच्या बेचक्यात जिथं टेकायची, तिथलं लॅकर, लाकडावरचं चकचकीत पॉलिश, विरघळून काळं, चिकट झालं होतं. बोट लावलं की ठसा उठत होता.

"रोज पुसत होतो मी," तो म्हणाला. "पुढून, मऊ फडक्याने. उचलायचो नाही, कुठं आपटेल म्हणून. आज सकाळी उचलली, तर चिकटून बसलेली."

बर्लने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "स्टँडला रबर होतं?"

"मऊ असतं ना. चरे पडू नयेत म्हणून."

"गाढवा, जुन्या लॅकरला रबर खातं. या डोंगरात शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. पेटी होती ना तिची?"

"पेटीत दिसत नाही."

गिटार व्हर्नाची, वेंडेलच्या बायकोची. दर शनिवारी ती बर्लच्या ओसरीवर वाजवायला यायची. बर्ल तिच्या शेजारी बँजो घेऊन बसायचा आणि वेंडेल समोरच्या खुर्चीत. त्याला स्वतःला काही वाजवता येत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ती गेली, तेव्हा त्याने गिटार पेटीतून काढून जेवायच्या टेबलासमोर उभी केली होती.

बर्लने पात्याच्या टोकाने थोडं काळं उचललं आणि थांबला.

"नेमकं तिच्या जागेवर."

"कसली जागा?"

"अंगठ्याची. लॅकर झिजून लाकूड उघडं पडलं होतं तिथं. काय गुळगुळीत होतं! तू पाहिलं नाहीस?"

वेंडेलने नकारार्थी मान हलवली. तो नेहमी समोर बसायचा.

"खरवडून नवं लॅकर मारतो," बर्ल म्हणाला. "कुणाला कळणारही नाही."

"आणि ती जागा?"

"वितळलेलं सगळं तिच्यावर पसरलंय. खरवडलं की ती माझ्या पात्याची जागा. तिची राहणार नाही, वेंडेल."

वेंडेलने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"पुन्हा तसं झिजायला किती दिवस लागतील?"

"दिवस?" बर्लला हसू आलं, ते त्याने आवरलं. "रोज वाजवायची ती. आयुष्य गेलं तिचं त्यात."

"मग नवं लॅकर नको. नुसतं खरवड."

बर्लने दुपारभर काम केलं. वेंडेल तिथंच बसून राहिला. समोर ठेवलेली कॉफी तो प्यायला नाही. बर्लने शेवटी दांडी फडक्याने पुसून गिटार पेटीत ठेवायला उचलली, तसे वेंडेलने हात पुढे केले.

"दे इकडे. कशी धरतात?"

बर्ल म्हणाला, "आधी पट्ट्याचं बक्कल बाजूला घे. आता गिटारची पाठही ओरबाडायची आहे का?"

वेंडेलने बक्कल कमरेच्या बाजूला सरकवलं. बर्लने गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून तारांवर बसवली. वेंडेलने दुसरा हात तारांवरून फिरवला. खडखड झाली.

"दाब जरा. कोंबडीची मान पिरगाळतोयस असं वाटतंय."

"दुखतंय."

"दुखणारच."

वेंडेलने दाबलं. दांडीच्या मागे त्याचा अंगठा चाचपडत होता.

"इथं असायचा का तिचा?"

"थोडा वर."

त्याने अंगठा सरकवला.

"अजून थोडा," बर्ल म्हणाला. "हां. तिथं."