थोरलीच्या राज्यात धनवंताची चाकरी

त्या काळी नवेगावच्या तलावाभोवती दिवसा राज्य होतं भंडाऱ्याच्या गोऱ्या साहेबाचं, आणि माणसाचा डोळा लागला की सात बहिणींचं. तलावाला वेढून बसलेले सात डोंगर म्हणजेच त्या बहिणी. कोणाला कोणतं स्वप्न द्यायचं, कोणाला झोपेतून परत धाडायचं नि कोणाला ठेवून घ्यायचं, सगळा कारभार त्यांचा. साहेबाचा हुकूम चुकवता येई, जंगलात दडी मारली की झालं. झोप कोण चुकवणार, सांगा बरं? आणि सातींत थोरली फार कडक. तिचं नाव काढताना म्हातारी माणसंही आवाज उतरवत.

पतिराम गोंडाची लेक धनवंता मात्र कोणाला भीक घालणारी नव्हती. पोरगी कामाची, पण जिभेची तिखट. तिच्यासाठी बुधराम नावाचा पोरगा पतिरामच्या घरी लमसेना राहिला होता. लमसेना म्हणजे लग्नाआधी सासऱ्याच्या घरी राबणारा नवरदेव. पोरीच्या बापाला देज, म्हणजे पोरीचं मोल, द्यायची ऐपत नाही ना, मग चार सालं नांगर धर, पोरगी तुझी. बुधरामची तीन सालं सरली होती. चौथ्या साली रोवणीच्या वेळी त्याच्या हातून बैल सुटला आणि त्याने रोप तुडवलं, एवढंच झालं. पण धनवंता धानाच्या भर बांधीत सगळ्यांदेखत ओरडली, "तू नको मले. जाय, दुसऱ्याच्या दारी राब!"

असलं बोलणं घरोघरी चालतं आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जातं. पण लमसेन्याला पोरीने चारचौघांत 'नको' म्हटलं की त्याची चाकरी तिथंच तुटते. हा रिवाज तिला ठाऊक नव्हता का? चांगला ठाऊक होता. रागाच्या भरात तोंड सुटलं, दुसरं काय. बुधराम बांधीतून निघाला. तलावाच्या पाळीवर जाऊन आडवा झाला, आणि मग कितीही हलवलं तरी उठेना.

झोपेतच त्याचे हात चालू होते. आधी रोवणी केल्यागत चालले, मग तण निंदल्यागत. नखांत ओला चिखल दिसायचा. धनवंताची माय वच्छला दोन दिवस ते बघत बसली. तिसऱ्या दिवशी त्याची मूठ विळा ओढल्यागत फिरू लागली, तशी ती म्हणाली, "थोरलीच्या बांधीत राबून राहिला हा. कापणी लागली. तिथलं पीक संपलं का पोट्टा गेला."

त्याला परत आणायला धनवंता त्याच्या शेजारी आडवी झाली. झोपेत चुकामूक नको म्हणून वच्छलाने तिच्या पदराची गाठ त्याच्या धोतराला मारली.

"लग्नाआधीच गाठ?" पतिराम कुरकुरला.

"तुमी गप बसा," वच्छला म्हणाली.

भर दुपारी धनवंताचा डोळा लागला, आणि ती तलावाखाली उभी होती. आभाळाच्या जागी तलाव. त्यात मासे पोहत होते आणि त्यांच्या सावल्या धानावरून सरकत होत्या. धान माणसाच्या दुप्पट उंच, आणि त्यात हजारो माणसं वाकून कापणी करत होती. एक टोपीवाला साहेब होता, गोंदियाला नव्याने आलेल्या आगगाडीत डुलकी लागलेला एक शेठ होता. शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, एक वाघ झोपेत पाय हलवत होता. आवाज कशाचाच नाही. धनवंताची जीभ जन्मात पहिल्यांदा टाळूला चिकटली.

थोरली बसलेली होती, आणि बसल्या जागी तिचं डोकं वरच्या पाण्याला टेकलं होतं. मांडीवर सागाचं जंगल उगवलेलं. डोळे मिटलेले. बाई गं, असलं काही दिसल्यावर पाया पडावं की पळावं? धनवंताला दोन्ही सुचलं नाही. नुसतं वाटत होतं की बघतच राहावं.

"कायले आली?" थोरलीने विचारलं. ओठ हलले नाहीत, सगळं धान हललं.

"बुधरामले न्याले, माय."

"तूच सोडला त्याले. मोकळा होता, म्या घेतला."

"हो. चूक माहीच हाय."

"त्यानं माह्याकडं काही मागतलं नाही. न मागता जो राबते, तो जमिनीचा होते. कापणी झाली का मी त्याले पेरीन."

धनवंताने पायाखाली पाहिलं. धानाच्या एकेका बुडाशी एकेक झोपलेला चेहरा होता. पलीकडे बुधराम वाकून कापत होता आणि त्याच्यापुढे धानाची थोडीच ओळ उरली होती. ती धावली, त्याच्या हातातून विळा काढून घेतला आणि थोरलीपुढे येऊन उभी राहिली.

"मीच तुह्या दारी लमसेना राहते," ती म्हणाली. "अन् मी मागून राहिली. हा पोरगा पाहिजे मले. लमसेन्याची पुरी चार सालं राबते. मंग दोघंही घरी जाऊ."

थोरलीने डोळे उघडले. वरचे मासे जागच्या जागी थांबले, हजारो विळे थांबले. ते डोळे काळ्याभोर पाण्याचे होते आणि त्यांत जगातली सगळी निजलेली माणसं दिसत होती. तिच्यापुढे राजेरजवाडे रडून गेले होते, सोनंनाणं ओतून गेले होते. चाकरी मागणारी पोरगी तिने पाहिली नव्हती. ती उठून उभी राहिली आणि अख्खा तलाव तिच्या खांद्यांवर वर चढला.

"धर नांगर," थोरली म्हणाली.

धनवंताने नांगर धरला. तिथं सूर्य नाही, सण नाही, बोलायला माणूस नाही. तिने नांगरलं, रोवलं, कापलं, पुन्हा नांगरलं. बुधराम धुऱ्यावर निजलेला असायचा, त्याच्याकडे बघून ती नांगराचं पुढचं तास धरायची. मायचा चेहरा कसा होता तेही ती पुढे पुढे विसरली. शेवटच्या साली शेवटची पेंढी बांधून झाली, तेव्हा थोरलीने दोघांना ओंजळीत घेतलं आणि वरच्या पाण्यात सोडलं.

पाळीवर अजून तीच दुपार होती. वच्छलाचा हात अजून गाठीवरच होता. बुधराम उठून बसला, पेज मागून प्याला, आणि खाली मान घालून पतिरामला म्हणाला, "येतो मामा. पोरीनं नको म्हटलं, जातो माह्या गावाले."

धनवंताने त्याचं मनगट धरलं. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. "चाकरी पुरी झाली," ती बापाला म्हणाली. "म्या केली. आजच मांडव घाला."

लमसेन्याची चाकरी पोरीने केली, हे कधी कोणी ऐकलं होतं? पतिराम रागावून बोलणार होता. तेवढ्यात त्याला तिचे तळहात दिसले. नांगराच्या मुठीने पडलेले घट्टे होते ते, जुने, पिवळे, दगडासारखे. त्याने आपले हात त्यांच्याशेजारी धरून पाहिले. मग कुऱ्हाड उचलली आणि मांडवाच्या डहाळ्या तोडायला निघाला.