कडेची माणसं

मी नमुना प्रत बोलतेय. पुस्तकाची सगळी छपाई होण्याआधी, 'बघून घ्या, काही चुकलंय का' म्हणून एकच काढतात ना, ती मी. माझा जन्मच मुळी नावं ठेवून घेण्यासाठी!

माझे मालक बाबा. जन्मभर त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला आणि म्हातारपणी ठरवलं, घरच्यांच्या फोटोंचं पुस्तक आपलं आपणच छापायचं. प्रकाशक नको, कुणाची मिनतवारी नको. शेवटच्या पानावर त्यांची बायको. दारात पोरं दंगा करताहेत आणि ती अगदी कडेला, चौकटीला टेकून, पोट धरून हसतेय. ती गेली, फोटो राहिला. सगळा खटाटोप त्या एका फोटोसाठी.

मी घरी आले तेव्हा सुरेख होते, स्वतःच्या तोंडाने सांगते. बाबांनी मला खिडकीशी नेलं, मग दिव्याखाली धरलं. "काळपट छापलंय," म्हणाले. काळपट? मी? असा राग आला म्हणून सांगू!

लेकीने लगेच छापखान्यात फोन लावला. "अहो, जरा उजळ करा ना." दुसरी प्रत आली. तीही काळपट. मग कागद बदलला, कारण चकचकीत कागदाने बाबांचे डोळे दिपायचे. मग अक्षरं मोठी केली. मग पुन्हा उजळ. रोज नवा बेत. छापखानेवाला काकुळतीला आला. "ताई, आणखी उजळ केलं तर माणसांची भुतं होतील हो!"

"बाबांची हयात गेलीय फोटोंत," लेक म्हणाली. "तुम्ही आम्हाला शिकवू नका."

मला मात्र धडकी भरली होती. मी त्यांच्या मांडीवर असायचे ना, मला दिसायचं. कप ठेवताना बाबा आधी हाताने टेबलाची कड शोधायचे. पान बघताना त्यांचं नाक मला टेकायचं. दारातून जाताना खांदा आपटायचा आणि लेक हसून म्हणायची, "बाबा, लक्ष कुठंय?" मला वाचा असती तर बोंब ठोकली असती.

परवा आणखी एक प्रत आली. उजळून उजळून पिठासारखी पांढरी. बाबांनी शेवटचं पान उघडलं आणि भडकलेच. "त्या गाढवाने कड कापली! नेमकी हिलाच कापली!"

लेकीने तावातावाने फोन उचलला. मग काय वाटलं कोण जाणे, तिने वाकून ते पान पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. फोन तिने खाली ठेवला, मला ओढून घेतलं आणि माझंही तेच पान उघडलं.

"बाबा, आई आहे इथे."

"कुठे?"

तिने त्यांचं बोट धरून आईच्या चेहऱ्यावर ठेवलं. बाबा बराच वेळ कागद चाचपत राहिले. "खोटं नको गं बोलूस," एवढंच म्हणाले.

पुस्तक थांबलंय. सकाळी दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली, अजून परतली नाहीत. मी टेबलावर उघडी पडलेय आणि बाई कडेला हसतेय. मला ते हसू आता बघवत नाही.

मंडळी, घरातलं म्हातारं माणूस पुस्तकाला नावं ठेवत असेल, तर छापखान्याशी भांडण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांकडे बघा. आम्हाला काय, पुन्हा छापता येतं.