व्हरांड्यात चालणारी बाई

कुंदानं पेपर वाचून संपवला आणि कागद खाली ठेवला. तेवढ्यात माझ्या जानूच्या भातुकलीतली कळशी घरंगळत पलंगाखाली गेली, आणि तेवढ्या आवाजानंही मी दचकले.

"कसा झालाय पेपर?" कुंदानं विचारलं.

"झकास," म्हणत मी चहाला उठले. तिच्याकडे पाठ करायला काहीतरी हवंच होतं.

मिडवायफरीला आम्ही दोघी एकत्र होतो, आता मुलुंडच्या एकाच प्रसूतिगृहात सिस्टर आहोत. कळा देणाऱ्या बाईला टेबलावर पाडूनच ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. कुंदानं मेट्रनबाईंच्या मागे लागून परवानगी काढली. एकीला झोपवायचं, दुसरीला व्हरांड्यात चालू द्यायचं, आणि कोण लवकर मोकळी होते ते पाहायचं. ड्युटी संपली तरी ती तिथेच थांबायची. आता ती डॉक्टरांच्या परिषदेत हे वाचणार. आजवर आमच्यातलं कोणी त्या माइकपुढे उभं राहिलेलं नाही. तिथे डॉक्टर बोलतात, आम्ही चहाच्या वेळेला टाळ्या वाजवून येतो.

पेपरची सुरुवात अशी होती : 'एका स्त्रीने कळा सुरू असताना पडून राहण्यास नकार दिला. ती चालत राहिली व सुखरूप प्रसूत झाली. त्यावरून हा प्रश्न सुचला.'

ती स्त्री मी. जानूच्या वेळी ड्युटीवर कुंदाच होती. तिच्या खांद्यावर भार टाकून मी अख्खा व्हरांडा पालथा घातला होता.

"'आपण बायकांना उगाच झोपवतो, हे कोणीतरी तपासायला हवं,' हे मी म्हटलं होतं," चहा गाळता गाळता मी म्हणाले.

"म्हणालीस ना. म्हणून तर पहिल्यांदा तुझ्याकडेच आले. तू म्हणालीस, चार वाजले की सांभाळणारी अंजनाबाई पोरीला दारात आणून उभी करते, मी कुठली थांबतेय."

खरंच होतं ते. सासूबाई कणकवलीला, नवऱ्याला, सहदेवला, कारखान्यात पाळ्या. कुंदाला चहा गोड लागतो. तरी मी तिच्या कपात साखर कमी घातली.

"पण मला पेशंट कशाला केलंस? सिस्टर होती म्हणून लिही की."

"तसं लिहिलं तर डॉक्टर म्हणतील, तिला आधीच सगळं ठाऊक होतं. सगळी वाट लागेल." तिनं घोट घेतला. "साखर संपली का गं?"

"संपत आलीय."

"ऐक, मालन. पुढचं काम जन्मल्याबरोबर बाळाला अंगावर घेण्याचं करायचंय. तू ये. रविवारी सहदेव घरी असतो, तेवढं थांब. दोघींचं नाव घालू. उद्या मेट्रनबाईंना सांगायचंय, आत्ता काय ते बोल."

मला हवं होतं. फार हवं होतं. पण तिनं पुढे जाऊन मागे वळून हात द्यावा, हे काही घशाखाली उतरेना.

जानू कळशी घेऊन पलंगाखालून बाहेर आली. केसांत धूळ. मी ती बोटांनी निपटू लागले.

"मावशी, ती चालणारी बाई म्हणजे आई?"

"हो. आणि पोटात तू."

जानूनं कळशी माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, मग मी झालेच नसते, तर पेपर कोणी वाचला असता? तू की मावशी?"