नाथाचा आउट टाइम

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे फुकटचा हमाल. त्यात माझं अक्षर चांगलं, म्हणून हाटकेशातल्या आमच्या बिल्डिंगची सगळी रजिस्टरं माझ्याच गळ्यात. गेटवरचंसुद्धा. रंगकामाचे मजूर सकाळी आत आले की वॉचमन ‘इन’ लिहायचा, संध्याकाळी गेले की ‘आउट’.

२००६च्या मार्चमध्ये, संध्याकाळी साडेपाचला, त्यांच्यातला नाथा चौथ्या मजल्यावरच्या परांचीवरून पडला आणि जागीच गेला. कॉन्ट्रॅक्टर माझ्या कानाशी लागला, कामावर असताना मेला म्हटलं तर सोसायटीपण लटकेल. मी मुळात घाबरट. नाथाच्या नावापुढची ‘आउट’ची रिकामी चौकट मी ‘५.००’ लिहून भरली. सुटल्यावर दारू पिऊन पुन्हा वर चढला, असं आमचं ठरलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेपाचला आमच्या किचनच्या भिंतीवर बाहेरून लोखंडी पट्टी घासल्याचा आवाज येतो. जुना रंग खरवडतात तसा. माझी बायको मृणालिनी म्हणते, मला काही ऐकू येत नाही, तुम्ही डॉक्टरला दाखवा. तिकडची खिडकी उघडायचं मी सोडून दिलंय. मला भीती वाटते.

वर्ष सरलं आणि कॉन्ट्रॅक्टरचं डिपॉझिट परत करायची मीटिंग लागली. करारात कलम होतं, कामावर मजुराला काही झालं तर भरपाई याच डिपॉझिटमधून. ते कोणीतरी सांगितलं म्हणून नाथाची बायको दुर्गा काशीगावाहून क्लेमचा अर्ज घेऊन आली. कॉन्ट्रॅक्टरने गेटचं रजिस्टर पुढे सरकवलं. माणूस पाचलाच सुटलेला, मग क्लेम कसला? चेअरमननी मान डोलावली आणि चेकवर सही करायला पेन काढलं.

दुर्गाला वाचता येत नव्हतं. तिने मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

“दारूला तो शिवत न्हवता,” ती म्हणाली. “पाचला भायेर पडला, तर घरी का न्हाय आला?”

मी रजिस्टर मिटलं.

“ते पाच मी लिहिलेत,” मी म्हणालो. “तो गेटबाहेर गेलाच नव्हता.”

चेअरमननी पेनाला टोपण लावलं, डिपॉझिट थांबवा म्हणाले. कॉन्ट्रॅक्टर शिव्या देत उठून गेला. दुर्गाचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

“म्हंजे वरीसभर तो हितंच हाय,” ती मला म्हणाली. “आन् तुमाला म्हाईत होतं.”

मी हो म्हणालो.