‘बसवणे’ या क्रियापदाचा प्रयोग

अनुमान

अर्जदार बाईंना मुकादमांनी बसावयास सांगितले. तदनंतर त्या घरी निघून गेल्या.

(हे मी लिहिलं. अनुमान प्रयोगवहीच्या शेवटी येतं हे सातवीतल्या पोरालाही माहीत असतं. माझं पहिल्या पानावर आलं, कारण प्रयोग करायच्या आधीच मला उत्तर आलं होतं.)

उद्देश

मावशींना त्यांचं काम परत मिळवून देणे.

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना आहे. तिथल्या दोन नंबरच्या रोलरवर मावशी एकोणीस वर्षं उभ्या होत्या. रोलर म्हणजे माणसापेक्षा लांब, तापलेली, फिरती लाटणी. ओली चादर एका बाजूने घालायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन निघते. चादरीबरोबर हात आत जाऊ नये म्हणून तोंडाशी एक जाळी असते. दोन नंबरची जाळी दोन महिने तुटलेली होती. मावशींनी सांगितलं, जाळी लागल्याशिवाय मी चादर घालणार नाही. बारा तारखेला मुकादमाने त्यांना कामावरून काढलं. धुलाईखाना चालवणाऱ्या ठेकेदाराच्या कागदावर मात्र आलं, ‘स्वतःहून काम सोडले’.

कामगार कार्यालयात सुनावणी लागली होती. स्वतःहून सोडलं असं ठरलं की फाइल बंद, आणि पन्नाशीच्या बाईला दुसरीकडे रोलरवर कोण उभं करतंय.

साहित्य

एक मावशी. एक टेबल. दोन शहाणे: मी आणि कलम. कलम हा माझा वर्गमित्र. लोक गाणी गुणगुणतात तशी हा कायद्याची कलमं गुणगुणतो, म्हणून ते नाव.

आणि एक नियम. कॉलेजात आम्हाला न्याय हा विषय शिकवणाऱ्या बाई आधी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होत्या अशी अफवा आहे. ती खरी असावी, कारण त्यांनी न्यायालाही प्रयोगवही लावली. ज्याचा कागद तुम्ही लिहिणार, त्याच्या कामाच्या जागी आधी एक अख्खी पाळी काम करायचं. मग पेन उघडायचं. इस्पितळाची परवानगी त्यांनी सत्राच्या सुरुवातीलाच काढून ठेवली होती.

आम्ही ठरवलं, पाळी नंतर करू. चाचणी तोंडावर होती. शिवाय चादरींतून कायदा काय कळणार, असं कलम म्हणाला, आणि मला ते पटलं.

कृती (उलटी)

मावशी आमच्या लॉ कॉलेजच्या मदत केंद्रात जबाब लिहून घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, “मुकादमानं मला बसवलं. मग काय, गेले घरी.”

‘बसवलं’ हे काही मला कागदावर बरं दिसेना. आपल्याकडे काय बसत नाही? धक्का बसतो, घडी बसते, विश्वास बसतो, नाटक बसवतात. अधिकाऱ्यासमोर असा ढगळ शब्द कसा चालेल? मी तो आवळला. ‘बसावयास सांगितले.’ ‘तदनंतर’ ही कलमची भर.

मी वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, छान लिहिलंस गं, बातम्यांसारखं. आणि सही केली.

परिणाम

सुनावणीच्या पहिल्या तारखेला ठेकेदाराचे वकील एकटेच आले होते. गोड माणूस. त्यांनी आमचाच जबाब उचलला आणि आमच्यापेक्षा छान वाचला. आमच्या मुकादमांनी बाईंची तब्येत पाहून त्यांना जरा बसायला सांगितलं, ही माणुसकी झाली. त्या उठून निघून गेल्या. मी वेगळं काही म्हणत नाही, साहेब, हे त्यांच्याच सहीचं आहे.

कलमने तीन कलमं सांगितली. कामगार अधिकारी साहेबांनी ती ऐकून घेतली आणि दहा दिवसांनंतरची तारीख दिली. शेवटची, हेही सांगितलं.

जिन्यात मावशींनी विचारलं की वकील हसत का होता. मी समजावून सांगितलं. त्यांना फार वाईट वाटू नये म्हणून मी हळू बोलत होते. त्या मात्र मोठ्याने बोलल्या.

“मी बसवलं म्हणाले. तू बसायला सांगितलं लिहिलंस. तुमच्या घरी दोन्ही एकच का गं?”

माझ्या घरी कोणाला कधी कोणी बसवलेलं नव्हतं.

वही तपासून परत आली तेव्हा ‘अनुमान’ या शब्दाभोवती तांबडं वर्तुळ होतं. बाजूला बाईंचं अक्षर: पाळी कधी केली? तारीख घाला.

बाईंच्या खोलीत जाऊन मी माफीचं एक भाषण केलं. त्यांनी ते मध्येच तोडलं. माफी मावशींकडे माग, माझ्याकडे फक्त तारीख सांग, म्हणाल्या. कलम दाराबाहेर उभा होता. तो म्हणाला, उद्या.

कृती (सुलटी)

सकाळी सात. तळघर. मुकादम सुनावणीच्या पहिल्या तारखेला आलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या लेखी आम्ही कॉलेजातून आलेली दोन शिकाऊ माणसं. त्याने आम्हाला एक नंबरच्या रोलरवर लावलं. दोन नंबर बंद होता.

चादरीची दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने. ताणायची, झटकायची, सरळ सोडायची. वाकडी गेली की सुरकुती तशीच इस्त्री होऊन येते आणि चादर परत भिजवायला जाते. आठ वाजेपर्यंत माझ्या पंधरा चादरी परत गेल्या. समोरच्या बाईने मला विचारलं की घरी अंथरूण कोण घालतं.

नऊला बोटांची टोकं लाल. दहाला पाठ. अकराला कलमची कलमं बंद झाली. साडेअकराला त्याने विचारलं, जरा कुठे टेकू का?

सगळ्या बायका हसल्या. मशीनच्या आवाजातही ऐकू येईल इतक्या हसल्या.

“टेक की,” समोरची म्हणाली. “टेकलास की बसलास. मग उद्यापासून येऊ नकोस.”

तेव्हा मी पहिल्यांदा खोली नीट पाहिली. ओले ढीग, कोरडे ढीग, गाऊनचे गठ्ठे, वाफ. बसता येईल असं काहीही नव्हतं. खुर्ची नाही, बाकडं नाही, उलटी बादलीसुद्धा नाही. जेवणाच्या सुट्टीत बायका भिंतीला पाठ लावून उभ्यानेच जेवल्या; मीही जेवले.

निरीक्षण

१. दारापाशी फळा आहे. त्यावर खडूने दोन रकाने: ‘उभ्या’ आणि ‘बसलेल्या’.

२. ‘उभ्या’खाली अकरा जणींची मशीनं.

३. ‘बसलेल्या’खाली चार ओळी. तिसरी ओळ: ‘रोलर २, बारा तारखेपासून.’

४. बसलेल्या म्हणजे काय, असं मी मुकादमांना विचारलं. त्यांनी सांगितलं: “ज्यांना मी बसवलंय त्या. मी बोलावेपर्यंत पाऊल ठेवायचं नाही.”

५. बसण्याची सोय: नाही.

पाळी संपली की वहीवर तिथल्या प्रमुखाची सही घ्यावी लागते. मी मुकादमाला वही दिली. त्याने पान वाचलं, अगदी बोट ठेवून वाचलं. आपलं बोलणं कोणीतरी शब्दाला शब्द उतरवून घेतलंय याचं त्याला अप्रूप वाटलं असावं. त्याने सही केली, शिक्का मारला आणि वर लिहिलं, ‘समाधानकारक’.

आम्ही पुरावा शोधायला गेलो नव्हतो. आम्ही चूक निस्तरायला गेलो होतो. पायऱ्या चढून वर आल्यावर कलमने वही माझ्या हातातून घेतली, चौथा मुद्दा वाचला आणि तिथेच, इस्पितळाच्या फाटकात, फतकल मारून बसला.

त्याच संध्याकाळी आम्ही मावशींच्या घरी गेलो. मी माफी मागितली. त्यांनी माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि किती चादरी परत गेल्या ते विचारलं. एकतीस, मी म्हणाले. पहिल्या दिवशी त्यांच्या चाळीस गेल्या होत्या.

पुनर्निरीक्षण

शेवटच्या तारखेला मुकादमही हजर होता, आणि आमच्या बाजूला बाईही. नवा जबाब आम्ही लिहिला तो मावशींच्या शब्दांत, एकही काना न बदलता. वकिलांनी हरकत घेतली. आधी बसायला सांगितलं म्हणायचं, आता बसवलं म्हणायचं. शब्दांचा खेळ आहे हा, साहेब.

साहेबांनी चष्मा काढला आणि मावशींना सरळच विचारलं की या दोन शब्दांत फरक काय.

मी तोंड उघडणार होते. बाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

मावशी उभ्या होत्या. त्यांनी एकदा साहेबांच्या खुर्चीकडे पाहिलं. “साहेब, तुम्ही सकाळपासून बसलाय आणि तुमचं काम चालू आहे. आम्ही बसलो की काम बंद. आमच्याकडे कोणी बसायला सांगत नाही. बसवतात.”

टंकलेखकाने ते तसंच उतरवून घेतलं.

मग साहेबांनी मुकादमाला विचारलं की मावशींना बसायला सांगितलं ते कशावर. मुकादम म्हणाला, स्टुलावर. स्टूल कुठे असतं? तिथेच, कोपऱ्यात. तेव्हा मी वही पुढे केली. पाचवा मुद्दा, मग चौथा, मग तिसरा, आणि खाली सही. साहेबांनी ती मुकादमाला दाखवली. आपलीच का? माझीच. वाचून केलीत? मुकादमाने वकिलांकडे पाहिलं. वकील फाइलीची नाडी बांधत होते.

साहेबांनी तिथेच हुकूम सांगायला सुरुवात केली. काम सोडलेले नाही. अर्जदारास कामावरून ‘बसवले’. टंकलेखकाने हळूच विचारलं की हा शब्द असाच ठेवू का, की ‘कमी केले’ करू.

“असाच,” साहेब म्हणाले. “यांनी एकदा बदलून पाहिलाय.”

ते माझ्याकडे पाहून म्हणाले. मला त्याची लाज वाटायला हवी होती. मी हसत होते.

आधी जाळी दुरुस्त, मग मशीन चालू; अर्जदार त्याच रोलरवर, त्याच पाळीला, बारा तारखेपासून खंड न धरता. मावशींनी हुकूम दोनदा वाचून दाखवायला लावला. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक शब्दाला मान हलवली आणि मग सही केली. बाहेर आल्यावर त्यांनी मुकादमाला गाठलं. तो बसथांब्याकडे निघाला होता.

“मुकादम,” त्या म्हणाल्या, “आता बसवायचीच असेल तर जाळी बसवा.”

कलम इतका हसला की वकिलांनी वळून पाहिलं. बाई हसल्या नाहीत. त्या भिंतीवर वही टेकवून आमच्या पुढच्या पाळीची तारीख लिहीत होत्या.

मंगळवारी फिटर आला. बुधवारी सकाळी मावशींनी ‘बसलेल्या’खालची तिसरी ओळ तळहाताने पुसली. उरलेल्या तिघींना त्यांनी हुकुमाची प्रत दाखवली होती. त्यातल्या दोघी पुढच्या सोमवारी मदत केंद्रात येणार आहेत. जबाब घेण्याआधी त्यांच्याही मशीनवर आमची पाळी लागली आहे.

दोन नंबरचा रोलर तापायला वीस मिनिटं लागली. माझी वेगळी परवानगी नव्हती, पण मुकादमाने मला अडवलं नाही. मावशींनी दोन टोकं धरली आणि दोन माझ्याकडे फेकली.

“ताण,” त्या म्हणाल्या. “आणखी. हां, सोड.”