कुदळीच्या पेटीतलं एकच मत

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे, पण व्हायची होते होडी. आमच्या बेटावरच्या झेबडी सुताराने सीडरच्या चांगल्या फळ्या होडीसाठी जपून ठेवल्या होत्या. तेवढ्यात सगळ्या बायापुरुषांना मताचा हक्क मिळाला, निवडणूक जाहीर झाली आणि सरकारला पेट्या हव्या झाल्या. झेबडीने माझ्या अंगावर कुदळ रंगवली. ती मजुरांच्या उमेदवाराची खूण. दुसऱ्या पेटीवर कापसाचं बोंड काढलं, ते मळ्याचे मालक हॅलोरनसाहेब यांचं. "बोंडापेक्षा तूच झकास उतरलीस गं," झेबडी मला म्हणाला. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

आमच्याकडे वाचता येणारे थोडे. म्हणून चिठ्ठी घ्यायची, पडद्यामागे जायचं आणि हव्या त्या पेटीत टाकायची, अशी सोपी रीत होती. शाळेतल्या टेबलाच्या दोन टोकांना आम्ही दोघी होतो. पडदा म्हणून कुणीतरी होडीचं जुनं शीड टांगलं आणि ते गुडघ्यापर्यंतच आलं. तोंड झाकलेलं, पाय उघडे. समोर मळ्याचा मुकादम क्रॉली बाक टाकून बसला आणि दिवसभर पाय बघत राहिला.

गावातली घरं लोकांची, पण खालची जमीन साहेबांची. साहेबांची मर्जी फिरली की फळ्या सुट्या करून घर उचलायचं आणि चालू पडायचं. मग कुदळीसमोर पाय कोण नेणार? सगळे बूट बोंडाकडे वळत होते. मी आतल्या अंधारात रिकामीच कोंडले होते. फार अपमान वाटला.

दुपारी कापूस वेचणारी उर्सुलिन आली, चर्चला जायचे बूट घालून. ती माझ्यासमोर थांबली. तिने माझ्या झाकणावर हात ठेवला. "नाही गं बाई, पोरांना घेऊन कुठे जाऊ?" ती पुटपुटली आणि तिने चिठ्ठी बोंडाच्या पेटीत टाकली.

नंतर आणखी कुणीतरी आलं. बोंडासमोर पाय रोवून उभं राहिलं, कमरेतून वाकलं, हात लांब केला आणि चिठ्ठी माझ्यात सोडली. पाय जराही हलले नाहीत. मोजणीत माझ्यात तेवढी एकच निघाली.

दुसऱ्या दिवशी मला गाढवाच्या गाडीतून बंदरावर नेत होते. उर्सुलिनच्या दारात गर्दी होती, म्हणून गाडी थांबली.

"मिस उर्सुलिन, बूट ओळखतो मी तुझे," क्रॉली म्हणाला. "कुदळीचा फार पुळका आलाय वाटतं?"

"देवाशपथ सांगते, नुसती थांबले होते. टाकलं बोंडातच."

"असं? तू नाहीस, तर यांच्यातलं कुणीतरी आहे. एकेकाला उभं करतो. घरं सगळ्यांनाच आहेत."

उर्सुलिनने गर्दीकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. माझ्यात चिठ्ठी सोडणारा हातही तिथेच होता, डोक्याच्या रुमालाशी नाहीतर टोपीशी चाळा करत.

"राहू दे, मिस्टर क्रॉली," ती म्हणाली. "माझंच होतं ते."

संध्याकाळच्या आत घर उतरवलं. शेजाऱ्यांनीच फळ्या उचलल्या.

"काय मिळालं गं एक मत टाकून?" शेजारची क्लोटिल्डा रडत रडत म्हणाली.

"आधी ते टोक धर नीट. खिडकी फुटेल," उर्सुलिन म्हणाली.

आता मी कचेरीच्या तळघरात पडून आहे. मला टाळं लागलंय आणि किल्ली कुठे गेली कुणालाच ठाऊक नाही. ती चिठ्ठी टाकणाऱ्याचं नाव अजून माझ्या पोटात आहे. त्या दिवशी ते ओरडून सांगावं, असं किती वाटलं! सांगितलं असतं तर उर्सुलिनचं घर वाचलं असतं आणि दुसरं कुणाचं तरी गेलं असतं. म्हणून तुम्हालाही सांगणार नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. एवढंच करा. मत देऊन आलेल्या माणसाला, थट्टेनेसुद्धा, कुणाला दिलंस म्हणून विचारू नका.